तीळभर अंतर आणि न जिंकलेली मुंबई

इंग्रजी विज्ञानकथा आणि अद्भुतकथेच्या व्यवहारात 'सामायिक विश्व' ही एक रुळलेली पद्धत आहे. एक जग आधी ठरवून घ्यायचे, त्याचा नकाशा, इतिहास, राजघराणी आणि वैरे निश्चित करायची आणि मग अनेक लेखकांनी त्या एकाच जगात आपापल्या कथा लिहायच्या. रॉबर्ट अ‍ॅस्प्रिन यांनी १९७९ मध्ये 'थीव्ज वर्ल्ड' हा संग्रह काढला, तेव्हा एका पराभूत, परक्या सत्तेखालच्या शहरात अनेक लेखक एकदमच राहायला आले. १९८७ मध्ये सुरू झालेल्या 'वॉरहॅमर ४०,०००' या खेळाच्या विश्वात तर युद्ध कधी थांबतच नाही आणि त्या न थांबणाऱ्या युद्धावर कितीतरी जणांनी कादंबऱ्या लिहिल्या आहेत. अशा विश्वांत युद्धच बहुधा मध्यवर्ती का असते, याचे कारण सोपे आहे. युद्धामुळे कथांना एक समान कालगणना मिळते. प्रत्येक पात्र युद्धाच्या अलीकडे तरी असते किंवा पलीकडे तरी.

मराठीत असे काही नाही, असे आपण सहज म्हणतो. मराठी विज्ञानकथा बहुतांशी सुटी कथा राहिली. ती दिवाळी अंकात आली, स्पर्धेत आली, संग्रहात गेली आणि दुसऱ्या लेखकाने तिचे जग उचलून पुढे नेले, असे क्वचितच घडले. तरीही माझे म्हणणे असे आहे की मराठी लेखकांकडे युद्धाने उद्ध्वस्त झालेले एक सामायिक विश्व अडीचशेहून अधिक वर्षे आहे. ते कोणत्याही प्रकाशकाने करार करून बांधलेले नाही. त्याचे नाव पानिपत. आणि या विश्वात शिरून त्याचा मूळ नियम मोडण्याचे धाडस ज्या कथेने केले, ती जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा आपण आजवर थोडी कमी वाचली आहे. २० मे २०२५ रोजी नारळीकर गेले. त्यानंतर आलेल्या मृत्युलेखांत या कथेचा उल्लेख झाला तो बहुतेक 'पानिपत जिंकले असते तर काय' या एका वाक्यापुरता. कथेत त्याहून अवघड असे काही आहे आणि ते मुंबईविषयी आहे.

एक गोळी, अनेक लेखक

सामायिक विश्वाला नियम लागतात. लेखक काय बदलू शकतो आणि कशाला हात लावू शकत नाही, हे वाचकाला ठाऊक असावे लागते. पानिपताच्या विश्वातला न बदलणारा बिंदू म्हणजे १४ जानेवारी १७६१ च्या दुपारी विश्वासरावांना लागलेली गोळी. त्याआधीची मराठी फौज आणि त्यानंतरची मराठी फौज ही जणू दोन वेगळी सैन्ये आहेत. १४ जानेवारी ही तारीख पुढे संक्रांतीची म्हणून रूढ झाल्याने लोकस्मृतीत पानिपत आणि संक्रांत एकत्र बांधली गेली आणि 'संक्रांत कोसळणे', 'पानिपत होणे' हे प्रयोग शेजारी-शेजारी नांदू लागले.

या बिंदूभोवती बखरकार जमले. भाऊसाहेबांच्या बखरीत काय, रघुनाथ यादवाच्या बखरीत काय, कुरुक्षेत्र फार दूर नसते. म्हणजे पानिपताचे विश्व स्वतःच आणखी एका जुन्या सामायिक विश्वावर, महाभारतावर, उभे आहे. पुढे गोविंदाग्रजांनी आपल्या फटक्यात तीच सांगड अधिक ठसठशीत केली आणि ती शाळकरी मुलांच्या तोंडी बसली. त्र्यं. शं. शेजवलकरांनी पुराव्यांची छाननी करून भाऊसाहेबांवरचे बरेचसे आरोप खोडून काढले. विश्वास पाटलांच्या १९८८ च्या 'पानिपत' कादंबरीने भाऊसाहेबांचा हाच नवा चेहरा हजारो घरांत नेला. या सर्वांची मते वेगळी, साधने वेगळी, भाषा वेगळी. दोष होळकरांचा की भाऊंचा, बाजारबुणग्यांचा की उपासमारीचा, यावर प्रत्येक जण भांडतो. पण गोळी लागते. ती लागू नये असे प्रत्येकाला वाटते आणि ती लागलीच पाहिजे हेही प्रत्येकाला मान्य असते. वाचकाचे रडू याच करारावर अवलंबून आहे.

या करारातून सुटण्याचा पहिला प्रयत्न मात्र कुण्या लेखकाने केलेला नाही. तो एका तोतयाने केला. सदाशिवरावभाऊंचे प्रेत ओळखण्यावरून शंका राहिल्या, पार्वतीबाईंनी वैधव्य स्वीकारले नाही आणि त्या फटीतून 'मीच भाऊ' म्हणणारा माणूस उभा राहिला. त्याच्यामागे माणसे गेली, किल्ले गेले आणि १७७६ मध्ये त्याला मारेपर्यंत पेशवाईच्या कारभाऱ्यांना झोप लागली नाही. न. चिं. केळकरांनी 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिले ते याच प्रकरणावर. साहित्याच्या अंगाने पाहिले तर तोतया ही पानिपताच्या विश्वातली पहिली पर्यायी कथा आहे. काही हजार माणसे काही महिने अशा जगात वावरली, ज्यात भाऊ पानिपतावरून परतले होते. पराभूत समाजाला पर्यायी इतिहास सुचण्यासाठी विज्ञानाची वाट पाहावी लागत नाही. त्याला फक्त एक न सापडलेले प्रेत पुरते.

तोतया आणि नारळीकर यांच्यात फरक आहे तो प्रामाणिकपणाचा. तोतयाला त्याचे जग खरे म्हणून विकायचे होते. नारळीकर ते जग दाखवतात, त्याची किंमत सांगतात आणि वाचकाला परत आणून सोडतात.

पाठभेद म्हणून समांतर विश्व

नारळीकर १९७२ मध्ये केंब्रिजहून परतले आणि मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी १९७४ मध्ये 'नारायण विनायक जगताप' या नावाने 'कृष्णविवर' पाठवली आणि पहिले बक्षीस मिळवले, हे सर्वांना माहीत आहे. आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून घेतलेले ते नाव होते. 'गंगाधरपंतांचे पानिपत' ज्या 'यक्षांची देणगी' संग्रहात आहे, तो १९७९ मध्ये गिरगावातल्या खटाववाडीच्या मौजेने काढला. पुढे या कथेचे इंग्रजी रूप 'द अ‍ॅडव्हेंचर' अकरावीच्या राष्ट्रीय पाठ्यपुस्तकात गेले. तेच देशभर सर्वांत जास्त वाचले गेले असल्याने खाली तपशील देताना मी त्या रूपाला धरून चालतो.

कथानक थोडक्यात असे. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे पानिपताचा निकाल उलटा लागता तर काय, या विचारात असताना ट्रकला धडकतात आणि एका वेगळ्या जगात येतात. तिथे जिजामाता एक्सप्रेस पुण्याहून मुंबईला जाते. मुंबई ब्रिटिशांची आहे. ईस्ट इंडिया कंपनी अजून जिवंत आहे. १८५७ नंतर ती गुंडाळली जायला त्या जगात १८५७ उरलेलेच नाही. हे सारे कशाने झाले, हे शोधायला गंगाधरपंत टाउन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात जातात, स्वतःच लिहिलेला इतिहास काढतात, त्यातून बखरीपर्यंत पोचतात आणि तिथे त्यांना ती ओळ सापडते. गोळी विश्वासरावांच्या कानाजवळून गेली. तिळाएवढ्या अंतराने ते वाचले.

संक्रांतीशी जोडल्या गेलेल्या लढाईत मोजमाप तिळाचे! विज्ञानकथाकार इथे सेंटिमीटर किंवा इंच लिहू शकला असता. त्याने बखरीची भाषा वापरली आणि मराठी वाचकाच्या जिभेवर तीळगूळ ठेवला. हा योगायोग असेल, असे मला वाटत नाही.

याहून महत्त्वाचे म्हणजे, समांतर विश्वाचा पुरावा म्हणून गंगाधरपंत काय घेऊन परततात? यंत्र नाही, नाणे नाही, छायाचित्र नाही. बखरीचे एक फाटके पान. आपल्या जगातल्या प्रतीत त्याच जागी विश्वासरावांना गोळी लागते. गंगाधरपंतांच्या पानावर ती चुकते. बाकी मजकूर तोच. मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला या वस्तूचे नाव पाठ आहे. आपण तिला पाठभेद म्हणतो. एकाच ग्रंथाच्या दोन प्रती शेजारी ठेवायच्या, कुठला शब्द कुठे वेगळा आहे ते टिपायचे आणि त्यावरून दोन परंपरांचा माग काढायचा, ही आपली जुनी रीत. राजेंद्र देशपांडे हे शास्त्रज्ञ पात्र पुढे कॅटॅस्ट्रॉफी थिअरी आणि पुंजभौतिकीतली अनिश्चितता समजावून सांगते. अगदी लहान फरकाने मोठ्या प्रणालीची दिशा कशी बदलते, हे त्यातून कळते. ते स्पष्टीकरण व्यवस्थित आहे. पण ज्या वाचकाला ते गणित कळणार नाही, त्यालाही कथा कळते, कारण दोन विश्वे म्हणजे एका बखरीच्या दोन प्रती ही कल्पना त्याच्या घरची आहे. मराठी मातीत समांतर विश्व रुजवायचे तर ते कसे, याचे इतके चपखल उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही. दुर्गाबाई भागवतांनी १९७५ च्या कऱ्हाड संमेलनात अध्यक्षपदावरून नारळीकरांच्या विज्ञानकथेची दखल घेतली होती. ज्या टाउन हॉलमधल्या ग्रंथालयात दुर्गाबाई वर्षानुवर्षे वाचत बसल्या, तिथेच गंगाधरपंतांना आपला इतिहास चुकलेला सापडावा, हे मला फार समर्पक वाटते.

दादरला न थांबणारी गाडी

आता कथेचा नकाशा पाहू. समीक्षेत आपण त्याकडे फारसे लक्ष दिलेले नाही.

जिजामाता एक्सप्रेस लोणावळ्याहून घाट उतरते, कर्जतला थोडी थांबते आणि वेगाने पुढे निघते. लांब बोगद्यानंतर 'सरहद्द' नावाचे छोटे स्टेशन लागते. मुंबईकर वाचकाला इथे पारसिकचा बोगदा आठवल्याशिवाय राहत नाही. गणवेशातला अँग्लो-इंडियन अधिकारी डब्यांतून परवाने तपासत फिरतो. इथून ब्रिटिश राज्य सुरू. पुढे उपनगरी गाड्यांच्या निळ्या डब्यांवर युनियन जॅक दिसतो. गाडी दादर ओलांडल्यावर वेग कमी करते आणि थांबते ती एकदम व्हिक्टोरिया टर्मिनसला. स्टेशन स्वच्छ आहे. नोकरवर्ग अँग्लो-इंडियन आणि पारशी, वर मूठभर ब्रिटिश अधिकारी. बाहेर हॉर्नबी रोड आहे, त्यावर लंडनच्या रस्त्यावर असावीत तशी दुकाने आणि बँका आहेत. गंगाधरपंत फोर्टमध्ये फिरतात, टाउन हॉलला जातात, शेवटी आझाद मैदानावर येतात.

म्हणजे काय झाले? पुण्याहून निघालेला मराठी माणूस मुंबईत उतरला आणि त्याला दादर, परळ, लालबाग, गिरगाव यांतले काहीच भेटले नाही. ते गाडीच्या खिडकीतून मागे पळाले. मराठ्यांनी पानिपत जिंकलेल्या जगात मराठी मुंबई नाही.

कथा वाचून उत्साहित झालेल्या वाचकाच्या नजरेतून हे निसटते. एरवी 'असे झाले असते तर' या जातीच्या कथा विजयाचे बक्षीस सर्वांत मोठ्या शहरात मांडतात. नारळीकरांनी उलटे केले. विजयी भारतात पेशव्यांनी विज्ञानाची केंद्रे उभी केली, देश पुढे लोकशाहीकडे गेला, कंपनीचे पंख कापले गेले. पण व्यापाराच्या सोयीसाठी मुंबई तेवढी ब्रिटिशांकडे भाडेपट्ट्याने राहिली आणि तो पट्टा २००१ ला संपायचा आहे. दिल्ली, पेशावर, पुणे सगळे आपले. एकटी मुंबई परक्याची.

इतिहासात या कल्पनेला आधार आहे, हेही पाहिले पाहिजे. मुंबई बेट १६६८ मध्येच कंपनीकडे आले होते. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली, साष्टी मराठ्यांकडे आली आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांनी घाबरून वर्गणी काढून कोटाभोवती खंदक खणवला. त्या खंदकाला 'मराठा डिच' हेच नाव पडले. पानिपत झाले त्या दिवशी सरहद्द माहीम-शीवच्या खाडीवर होती. इंग्रजांनी ठाणे घेतले ते १७७४ च्या अखेरीस. म्हणजे कथेतले 'सरहद्द' स्टेशन हा निव्वळ कल्पनाविलास नाही. पानिपताच्या विजयानंतरही मराठ्यांना मुंबई घ्यावीशी वाटली नसती, ती व्यापारी खिडकी म्हणून त्यांनी तशीच ठेवली असती, हे अनुमान पटण्यासारखे आहे. वसईच्या विजयानंतर बावीस वर्षे त्यांनी प्रत्यक्षात तेच केले होते.

त्या जगात काय काय नाही

त्या विश्वात काय नसेल याची यादी मी गिरणगावात वाढलेला वाचक म्हणून करतो, तेव्हा कथा मला वेगळी दिसू लागते.

ताडदेवला कावसजी दावरांनी १८५४ मध्ये पहिल्या कापड गिरणीची पायाभरणी केली. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकी यादवी युद्धाने इंग्लंडला अमेरिकेचा कापूस मिळेना, तेव्हा मुंबईत पैशाचा पूर आला आणि त्या पैशाने हे शहर वाढले. म्हणजे आपली मुंबईही एका दूरच्या युद्धाचीच निर्मिती आहे. त्यानंतर कोकणातून बोटीने आणि घाटावरून रेल्वेने माणसे परळ-लालबागला आली. त्यांना परवाना दाखवावा लागला नाही, कारण रत्नागिरी, सातारा आणि मुंबई एकाच सत्तेखाली होती. 'सरहद्द' स्टेशन असलेल्या जगात हा ओघ आला असता का? आला असता तर दुबईला जातात तसा, कंत्राटाने आणि परवान्याने. चाळ, खानावळ, भजनी मंडळ, लालबागचा बाजार, गिरगावातले गणपती हे सारे त्या परवान्यावर शिक्का बसण्या-न बसण्यावर ठरले असते.

गंगाधरपंत हॉर्नबी रोडवरून ज्या भागात चालतात, तिथून फ्लोरा फाउंटन चार पावलांवर आहे. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी तिथे गोळीबार झाला. मुंबईसह महाराष्ट्रासाठी शंभरावर माणसांनी प्राण दिले आणि १ मे १९६० ला राज्य झाले. पानिपत जिंकलेल्या जगात हुतात्मा चौक नाही, कारण मागण्यासाठी मुंबई कोणाकडेच नाही. ती भाड्याने दिलेली आहे आणि देणारे आपणच. ज्या मराठी माणसाला पानिपताचा विजय हवा आहे आणि मुंबईही हवी आहे, त्याला ही कथा सांगते की दोन्ही एका विश्वात मिळणार नाहीत.

आणखी एक गोष्ट त्या जगात नाही. गंगाधरपंत फोर्टमधल्या फोर्ब्सच्या इमारतीत आपल्या मुलाची, विनयची, चौकशी करतात. यादी पाहिली जाते. त्या नावाचा माणूस तिथे नोकरीला नाही. बस, एवढेच. लेखक पुढे जातो, गंगाधरपंतही पुढे जातात. मला मात्र वाटते की संपूर्ण कथेतला सर्वांत जड क्षण हाच आहे. विश्वासराव वाचले म्हणजे नानासाहेब पेशव्यांचा मुलगा वाचला आणि त्याच तिळाएवढ्या अंतराने गंगाधरपंतांचा मुलगा पुसला गेला. एका बापाचे दुःख दुसऱ्या बापाकडे सरकले. नारळीकरांनी इथे थांबून आणखी एक परिच्छेद लिहिला असता तर ही कथा निव्वळ चतुर न राहता थोर झाली असती. त्यांनी ते केले नाही. कल्पनेची मांडणी पूर्ण करण्याची घाई हा त्यांच्या कथेचा नेहमीचा दोष आहे आणि तो इथेही आहे.

पराभव कोणाचा?

यापुढचा आक्षेप मोठा आहे. सामायिक विश्व म्हटले की ते कोणाकोणात सामायिक, हे विचारावे लागते.

पानिपताचे विश्व पेशवाईच्या पराभवाचे विश्व आहे. त्याचा शेवट १८१८ मध्ये होतो. पण त्याच वर्षाच्या १ जानेवारीला भीमेकाठी कोरेगावला जी लढाई झाली, तिची आठवण काही घरांत वेगळ्या रीतीने जपली जाते. १९२७ मध्ये डॉ. आंबेडकर तिथल्या स्तंभाला अभिवादन करायला गेले, ते पेशवाईच्या अस्ताचा शोक करायला नव्हे. हे आंबेडकर परळच्या बी.आय.टी. चाळीत दीर्घकाळ राहिले आणि मग दादरच्या राजगृहात. कथेतल्या गाडीने जे दोन भाग खिडकीबाहेर सोडून दिले, ते नेमके हेच. पेशवाई न संपलेल्या जगात त्या चाळीतल्या विद्यार्थ्याचे काय झाले असते? १८४८ मध्ये पुण्याच्या भिडेवाड्यात भरलेली मुलींची शाळा भरली असती का?

कथा या प्रश्नांवरून एका झोक्यात जाते. पेशवे शहाणे झाले, विज्ञानाची कास धरली, कालांतराने लोकशाही आली, एवढे सांगून ती मोकळी होते. तिळाएवढ्या अंतराने गोळी चुकू शकते, यावर माझा विश्वास बसतो. पण गोळी चुकली म्हणून पुण्याच्या पाणवठ्यांवरचे नियम आपोआप सैल झाले असते, यावर बसत नाही. युद्धाचा निकाल हा एका क्षणाचा असतो, तर जातिव्यवस्था क्षणाची नसते. कॅटॅस्ट्रॉफी थिअरीचा आधार घेणाऱ्या लेखकाने हा फरक ओळखायला हवा होता. काही गोष्टी उंबरठ्यावर डोलत असतात आणि बारीक धक्क्याने कोसळतात. काही गोष्टी खोल खड्ड्यात स्थिर बसलेल्या असतात आणि त्यांना हलवायला पिढ्या लागतात.

यावर एक उत्तर देता येईल. नारळीकरांना समाजशास्त्र लिहायचे नव्हते. एका वैज्ञानिक कल्पनेला त्यांनी कथेचे रूप दिले आणि पानिपत हे केवळ उदाहरण. हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. उदाहरण म्हणून त्यांना नाणेफेक घेता आली असती. त्यांनी पानिपत घेतले, कारण त्या नावाने मराठी वाचक हलतो हे त्यांना ठाऊक होते. जो लेखक वाचकाची जखम वापरतो, त्याला ती जखम कोणाकोणाच्या अंगावर आहे, हे विचारले जाणारच.

तरीही एक गोष्ट कथेच्या बाजूने नोंदवली पाहिजे. तिचा शेवट विजयी जगाला बोचकारतो. आयुष्यात ९९९ सभांचे अध्यक्षपद भूषवलेले गंगाधरपंत आझाद मैदानावर एक व्याख्यान चालू असलेले पाहतात. व्यासपीठावर अध्यक्षाची खुर्ची रिकामी. सवयीने ते जाऊन बसतात. त्या जगातल्या श्रोत्यांनी अध्यक्ष नावाची संस्था केव्हाच मोडीत काढलेली असते. ते संतापतात, टोमॅटो आणि अंडी फेकतात आणि त्या गोंधळात गंगाधरपंत आपल्या जगात परततात. गिरगावच्या ब्राह्मण सभेपासून दादरच्या ग्रंथसंग्रहालयापर्यंत अध्यक्षीय समारोप ऐकलेल्या कुणाही वाचकाला यातली गंमत समजेल. पण ती गंमत इतकीच नाही. विजयी इतिहासात गंगाधरपंतांना मानाची जागा नाही. पराभवाचा इतिहास सांगूनच ते ९९९ वेळा अध्यक्ष झाले होते. पानिपत हरल्यामुळे आपल्याकडे पानिपतावर भाषणे आहेत. पराभवाने एक आख्खा व्यवसाय पोसला आहे, आणि हा टोला इतिहासकारांइतकाच कादंबरीकारांना व समीक्षकांनाही लागतो. मी स्वतःला त्यातून वगळत नाही.

पुढची गोळी

असे असूनही ही कथा एकटी राहिली. तिने एक दार उघडले आणि त्या दारातून लेखकांची रांग आली नाही. कारणे साहित्यव्यवहारात आहेत. मराठी विज्ञानकथा स्पर्धेत आणि दिवाळी अंकात वाढली. दोन्ही ठिकाणी दर वर्षी नवी कल्पना लागते. दुसऱ्याने मांडलेल्या जगात राहून ते अधिक खोल करणे, याला तिथे 'उचल' म्हटले जाते. उलट ऐतिहासिक कादंबरीकार एकमेकांच्या जगात बिनदिक्कत राहतात, पण त्यांना निकाल बदलण्याची मुभा नाही. एकाकडे स्वातंत्र्य आहे, दुसऱ्याकडे सामायिक विश्व. दोन्ही एकत्र आले ते बहुधा त्या एकाच कथेत.

त्या दाराने पुढे कुठे जाता येईल, याचा विचार करताना मला परळ-लालबागच दिसते. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. कागदोपत्री पाहिले तर ते युद्ध आजही चालू आहे. त्याच्या पडझडीत जगणाऱ्या माणसांवर जयंत पवारांनी 'अधांतर' लिहिले आणि 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' या संग्रहातल्या कथा लिहिल्या. भुतासारख्या उभ्या चिमण्या, त्यांच्या जागी उठणारे मनोरे, एकाच घरात वेगवेगळ्या काळात जगणारी भावंडे : युद्धाने उद्ध्वस्त झालेले सामायिक विश्व म्हणतात ते हेच. पवारांची वाट वास्तवाची होती, तरी तिच्या कडेला अद्भुत सतत दबा धरून असते. पण तिथेही निकाल बदलण्याची मुभा कोणी घेतलेली नाही.

ती घ्यावी असे मला वाटते, आणि नारळीकरांच्या शर्तीवर घ्यावी. संप जिंकल्याचे स्वप्न रंगवणे सोपे आहे. गंगाधरपंतांची कथा शिकवते ते दुसरे : विजयाचे जग मांडले की त्यात कोण नाहीसे झाले, याची यादी द्यावी लागते. संप जिंकलेल्या लालबागमध्ये कोणाचा विनय नसेल? आज त्या मनोऱ्यांत काम करणाऱ्या, गिरण्या बंद पडल्यामुळेच वेगळ्या वाटेने शिकलेल्या मुलीचे काय? बदली कामगाराचे काय, ज्याला संपाआधीही युनियनने पुरते आपले म्हटले नव्हते? जो लेखक हे प्रश्न टाळणार नाही, त्याला पानिपताइतकेच मोठे विश्व गिरणगावात तयार मिळेल.

'मासिक मनोरंजन'चा १९०९ चा अंक, ज्याला आपण पहिला दिवाळी अंक म्हणतो, तो काशिनाथ रघुनाथ मित्रांनी मुंबईतूनच काढला. इंग्रजांच्या, पण परवान्याशिवाय येता येणाऱ्या मुंबईतून. विश्वासराव वाचले असते तर तो अंक कुठून निघाला असता, किंवा निघाला असता का, हे मला सांगता येत नाही. मात्र पानिपताचा निकाल बदलावा अशी इच्छा यापुढे मनात आली, की तिच्यासोबत गेलेल्या गोष्टींची यादीही करावी, एवढी सवय मला या कथेने लावली आहे.